४७ स्क्रू

विमान अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वादळ येतं, पेटलेलं इंजिन येतं, फार तर पायलटची चूक येते. कागद काही येत नाही. पण विमानांच्या देखभालीचा इतिहास वाचायला घेतला की कागद सारखा आडवा येतो. कुणीतरी न लिहिलेली, किंवा लिहायला उशीर झालेली एखादी ओळ...

११ सप्टेंबर १९९१ चीच गोष्ट घ्या. काँटिनेंटल एक्सप्रेसचं एक छोटं एम्ब्रेअर विमान टेक्सासमधल्या लारेडोहून ह्यूस्टनला निघालं होतं. ते ईगल लेक गावाजवळ हवेतच मोडलं आणि आतले सगळे, १४ जण, गेले.

या विमानाच्या शेपटावर, अगदी उंचावर, एक आडवा पंख असतो. त्याच्या पुढच्या कडेला फुगून बर्फ तोडणाऱ्या रबरी पट्ट्या असतात. आदल्या रात्री ह्यूस्टनच्या हँगरमध्ये त्या बदलायचं काम निघालं. दुसऱ्या पाळीत दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू काढले गेले. तिसऱ्या पाळीने उजवी बाजू पूर्ण केली. डावीकडचे वरचे ४७ स्क्रू मात्र परत लागलेच नाहीत. उंचावरची वरची बाजू, जमिनीवरून दिसणार तरी कशी? सकाळी विमान लारेडोला नीट पोचलं. परतताना, उतरणीला लागल्यावर, ती कड निघून गेली.

आता यातली खरी बोच बघा. ते स्क्रू काढले होते एका इन्स्पेक्टरने, मेकॅनिकला हातभार म्हणून. पाळी संपताना त्याने तशी नोंदही केली. पण तिसऱ्या पाळीचा इन्स्पेक्टर लवकर आला होता आणि वही वाचून कामाला लागला होता. त्याने वाचली तेव्हा ती नोंद तिथे नव्हती! दोघांनी आपापल्या परीने वही पाळली, आणि तरी निरोप पोचला नाही.

याच्या सव्वा वर्ष आधी, १० जून १९९० ला, ब्रिटिश एअरवेजच्या बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची पुढची काच १७,३०० फुटांवर उडाली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदम्पटनला उतरवलं. नशिबाने सगळे वाचले. ती काच बसवली होती पाळीच्या मॅनेजरनेच, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. माणसं कमी, आणि बऱ्याच दिवसांच्या खंडानंतरची त्याची ती पहिलीच रात्रपाळी. नवे बोल्ट त्याने कॅटलॉगमध्ये न बघता जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले. ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक निघाले. आणि हे काम दुसऱ्या कुणी तपासावं असा नियमच नव्हता.

पहाटेच्या त्या वेळी शरीर झोप मागत असतं. डोळे उघडे असतात, पण "जवळपास सारखंच" आणि "तेच" यातला फरक पुसट होतो. कॅटलॉग, वही, सही हे सगळं असतं ते याच वेळेसाठी. दमलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबावं लागू नये म्हणून. गंमत अशी, की माणूस दमला की सगळ्यात आधी कंटाळा करतो तो कागदाचाच.

मग दोष कुणाचा? टेक्सासच्या अपघातानंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य कारण म्हणून देखभाल आणि तपासणी करणाऱ्यांनी कार्यपद्धती न पाळल्याकडे बोट दाखवलं. व्यवस्थापन आणि सरकारी देखरेख यांना सहकारण म्हटलं. मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी वेगळं मत नोंदवलं. कार्यपद्धती पाळण्याची संस्कृती कंपनीच्या व्यवस्थापनाने रुजवली नाही, हे मुख्य कारणातच यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९९३ मध्ये कॅनडात गॉर्डन ड्यूपाँट यांनी देखभालीतल्या चुकांमागच्या बारा गोष्टींची यादी केली. तिच्यात थकवा आहे, आणि निरोप नीट न पोचणंही आहे.

मला लॉबर यांचं पटतं. एकाने विसरणं ही चूक असेल, पण एकाने विसरल्यावर ती धरणारं दुसरं कुणीच नसणं, ही व्यवस्था झाली. चूक करणाऱ्याला घरी पाठवता येतं. त्याच्या जागी दुसरा येतो, तीच रात्रपाळी, तीच वही घेऊन.

तेव्हा विमानात बसल्यावर पायलटचे आभार मानावेतच. पण पहाटे चार वाजता, डोळे चोळत का होईना, कॅटलॉग उघडून बघणाऱ्या त्या माणसाचीही आठवण ठेवावी.