मानसिक आरोग्य ॲप : वापर कुठे आणि का थांबतो?

मानसिक आरोग्यविषयक ॲप किती जणांनी मोबाइलवर घेतले, यावरून त्याची उपयुक्तता ठरत नाही. इस्रायलमधील संशोधक अमित बाउमेल व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशा ९३ ॲपचा अभ्यास प्रसिद्ध केला. पंधराव्या दिवशी ॲप उघडणाऱ्यांचे प्रमाण मध्यकानुसार ३.९ टक्के, तर तिसाव्या दिवशी ३.३ टक्के आढळले.

या गळतीची कारणे मोजणे अवघड आहे. प्रश्नावली प्रामुख्याने टिकून राहिलेलेच भरतात; सोडून गेलेल्यांचे म्हणणे त्यात येत नाही. संगणकीय नोंदींवरून वापर कोणत्या टप्प्यावर थांबला हे कळते, पण का थांबला ते कळत नाही. परकी भाषा, घरात सामाईक मोबाइल असल्याने न मिळणारा एकांत, की नैराश्यातूनच आलेली अनिच्छा? बरे वाटल्याने थांबलेली व्यक्तीही गळतीतच धरली जाते. त्यामुळे नोंदींच्या जोडीला, वापर सोडलेल्यांच्या मुलाखती आवश्यक ठरतात.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) भारतात विविध मनोविकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचे ॲप ऑक्टोबर २०२४ मध्ये आले. मात्र ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या १४४१६ या तिच्या क्रमांकावर साध्या दूरध्वनीवरूनही समुपदेशकाशी बोलता येते.