प्लेगच्या रोग्याचे स्थान : घर की इस्पितळ?
(मुंबई व पुणे, १८९६ ते १९०८)

रोग कोणता, त्यावर उपाय कोणता आणि रोग्याची शुश्रूषा कोठे व कोणी करावयाची, हे तीन प्रश्न प्रत्येक गंभीर आजारात उपस्थित होतात. नेहमीच्या आजारात त्यांची उत्तरे रोगी, त्याचे आप्त आणि वैद्य हे मिळून शोधतात. साथीच्या काळात मात्र तिसऱ्या प्रश्नावर शासन आपला अधिकार सांगते, आणि जेथे दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसते तेथे हा अधिकार अत्यंत वादग्रस्त ठरतो. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्लेगच्या साथीचा इतिहास बहुधा राजकीय दृष्टीने लिहिला गेला आहे. रँडचा वध, टिळकांवरील खटला आणि चापेकर बंधूंची फाशी हे त्याचे परिचित टप्पे होत. परंतु या सर्व घटनांच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता : गाठ आलेल्या रोग्याला घरातून हलवावे की नाही?

१

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी या रोगाचे निदान केले. तीव्र ज्वर, भ्रम आणि जांघेत किंवा काखेत उठणारी वेदनायुक्त गाठ ही त्याची लक्षणे होती. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे यर्सिनने या रोगाचा जंतू शोधून काढला होता. त्यामुळे मुंबईतील रोग्यांच्या शरीरातील द्रव्याची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा करून हाफकिनला निदानाची खातरजमा करता आली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने लवकर मिळाले.

उरलेल्या दोन प्रश्नांची स्थिती अगदी निराळी होती. रोगावर हुकमी औषध नव्हते. गाठीवर पोटिसे बांधणे, हृदयाला उत्तेजक औषधे देणे, ज्वर उतरविण्याचा प्रयत्न करणे आणि पोषण टिकविणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. यर्सिन व लुस्टिग यांच्या रक्तद्रव्यांचे प्रयोग मुंबईत झाले. ऑर्थर रोड इस्पितळाचे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी त्यांचा विशेष पाठपुरावा केला. परंतु मृत्यूचे प्रमाण निश्चितपणे खाली आणील असा गुण त्यांतून हाती आला नाही. रोग कसा पसरतो हेही अज्ञातच होते. घाण, दमट जमीन, दूषित हवा, रोग्याचे कपडे आणि रोग्याचा सहवास यांपैकी प्रत्येकावर संशय होता. म्हणूनच उपाययोजनाही सर्व दिशांनी सुरू झाली. गटारे धुणे, घरांना चुना मारणे, कार्बोलिकची फवारणी करणे, कौले काढून घरात ऊन घेणे आणि रोग्याला घरातून हलविणे, असे सर्व मार्ग एकाच वेळी अवलंबिले गेले.

२

६ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी काढलेल्या आदेशाने रोग्याला सक्तीने इस्पितळात नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने ऑर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर सक्ती सौम्य करण्यात आली, आणि घरीच वेगळे ठेवता येईल अशा रोग्याला हलविण्याचे कारण नाही असे धोरण ठरले. ही सवलत वरवर न्याय्य दिसते. परंतु चाळीतल्या एका खोलीत पाच-सात माणसे राहत असताना रोग्याला स्वतंत्र जागा कोठून मिळणार? सवलतीचा लाभ मोठ्या घरात राहणाऱ्याला झाला आणि सक्तीचा भार कामकरी वर्गावर पडला. रोग्याने कोठे राहावे हे त्याच्या रोगावरून ठरत नसून त्याच्या घराच्या आकारावरून ठरू लागले.

इस्पितळाविषयीच्या भीतीचे वर्णन समकालीन अधिकाऱ्यांनी बहुधा ‘अज्ञान’ या एका शब्दात केले. रोग्यांना तेथे मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई काढतात, यांसारख्या अफवा त्या वेळी पसरल्या होत्या हे खरे. तथापि त्या अफवांच्या आड काही वास्तव कारणेही होती. परक्या हातचे अन्नपाणी, जातीचा विटाळ, स्त्रियांच्या काखा व जांघा परपुरुषाने तपासणे आणि आप्तांच्या गैरहजेरीत मरण येऊन अंत्यविधी चुकणे या गोष्टी त्या काळच्या माणसाला मृत्यूइतक्याच भयंकर वाटत होत्या. शिवाय इस्पितळात गेलेला माणूस सहसा परत येत नाही, हा लोकांचा अनुभव होता, आणि तो खोटा नव्हता.

येथे एक दुष्टचक्र दिसते. भीतीमुळे घरचे लोक रोग्याला लपवीत. अखेर तो सापडे तेव्हा बहुधा शेवटच्या अवस्थेत असे. असा रोगी इस्पितळात पोहोचल्यावर थोड्याच काळात दगावे. इस्पितळातील मृत्यूंची संख्या त्यामुळे फुगे आणि भीती अधिकच वाढे. सक्ती जितकी कडक, तितके लपविणे अधिक. आणि लपविणे जितके अधिक, तितके इस्पितळ अधिक अपयशी. हे चक्र केवळ शिपायांच्या बळावर तुटण्यासारखे नव्हते.

३

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला. युरोपीय राष्ट्रांनी हिंदुस्थानच्या व्यापारावर निर्बंध घालू नयेत या चिंतेचाही त्यामागे मोठा भाग होता. त्याच सुमारास व्हेनिस येथे प्लेगविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरत होती. मुंबईत जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती कारभार आला, आणि मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या शिपायांच्या तुकड्यांनी घरांची झडती घेतली. रोगी इस्पितळात, त्याच्या सहवासातील निरोगी माणसे विलगीकरणाच्या छावणीत आणि घरातील सामान रस्त्यावर, असा या झडतीचा क्रम असे.

या पद्धतीवरील टीका एका पक्षापुरती मर्यादित नव्हती. टिळकांनी ‘केसरी’तून तीवर प्रहार केले, परंतु त्याचबरोबर लोकांनी रोग लपवू नये असेही बजावले आणि पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ उघडण्यात पुढाकार घेतला. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेग इस्पितळात आपल्या आश्रमातील एका मुलीच्या वाट्याला आलेल्या वागणुकीविषयी जाहीर तक्रार केली. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी शिपायांवरील आरोप तेथे प्रसिद्ध केले; परंतु परत आल्यावर ते पुराव्याने सिद्ध करता न आल्याने त्यांना माफी मागावी लागली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला. रँडचा मृत्यू ३ जुलै रोजी झाला.

याच वर्षी पुण्यातच शुश्रूषेचे दुसरे एक उदाहरण घडले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर मोकळ्या जागेत रोग्यांसाठी दवाखाना चालविला. रोग्यांची सेवा करीत असताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेथेही रोगी घरातून हलविलाच जात होता. परंतु हलविणारे हात कोणाचे आहेत, यावर सर्व काही अवलंबून होते.

४

मुंबईत हळूहळू एक मधला मार्ग निघाला. पारशी, भाटिया, जैन, खोजा, मेमण इत्यादी समाजांनी आपापली प्लेग इस्पितळे उघडली. तेथे स्वयंपाकी स्वजातीचे असत, आप्तांना रोग्याजवळ बसता येई आणि अंत्यविधी रीतीप्रमाणे होत. वैद्यकीय उपचारांत फारसा फरक नसतानाही लोक या इस्पितळांत रोगी आणू लागले. औषध तेच, पण विश्वास निराळा, असा हा प्रकार होता. अर्थात या व्यवस्थेचीही मर्यादा उघड आहे. ज्यांच्या जातीजवळ धन नव्हते त्यांना सरकारी इस्पितळावाचून गत्यंतर नव्हते.

लसीबाबतही असाच अनुभव आला. हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा कमी आढळले. आगाखानांनी अनुयायांसमक्ष स्वतःला टोचून घेतल्यावर खोजा समाजात तिचा प्रसार झाला. उलट ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली आणि तीत रक्तपात झाला. सक्तीची किंमत किती मोठी असते हे शासनालाही कळून चुकले. शतक संपता संपता सक्तीने रोगी हलविण्याचे धोरण बहुतांशी मागे पडले.

५

या वादाचा शास्त्रीय निकाल पुढे लागला. १८९८ मध्ये कराची येथे सिमोंदने उंदरावरील पिसू हीच या रोगाची वाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले. परंतु तत्कालीन तज्ज्ञांनी ते मान्य केले नाही. मुंबईत ग्लेन लिस्टनने या दिशेने काम केले, आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत चाललेल्या संशोधनाने १९०८ पर्यंत हे मत पक्के झाले. उंदीर मरतात, त्यांच्या अंगावरील भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात आणि गाठीचा प्लेग होतो, असा हा क्रम होय.

या ज्ञानाच्या प्रकाशात पूर्वीच्या निर्णयांचे मूल्यमापन करणे उद्बोधक आहे. गाठीच्या प्लेगाचा रोगी शेजाऱ्याला सहसा रोग देत नाही. त्याला ओढून नेल्याने साथीला आळा बसण्यासारखा नव्हता. फुप्फुसाच्या प्लेगाची गोष्ट वेगळी. तो खोकल्यातून पसरतो, आणि तेथे रोग्याचे विलगीकरण अत्यावश्यक ठरते. परंतु या साथीतील बहुसंख्य रोगी गाठीचे होते. याउलट निरोगी माणसांना उंदरांनी ग्रासलेल्या घरातून बाहेर काढणे हा खरोखरीचा उपाय होता. उंदीर पडू लागताच गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहण्याचा लोकांचा रिवाज म्हणूनच सार्थ होता, आणि लोकांना नकोशा असलेल्या विलगीकरणाच्या छावण्याही, कारण न कळता का होईना, त्याच तत्त्वावर उभ्या होत्या. रोग्याला घरी ठेवू पाहणारे आप्त त्या घरात स्वतःही राहत होते, हा त्यांचा धोका होता. रोग्याचा स्पर्श हा नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी काळ लागला. १९४० नंतरच्या दशकात सल्फा औषधे व स्ट्रेप्टोमायसिन यांनी प्लेग हा बरा होणारा रोग ठरविला. उपचाराविना गाठीच्या प्लेगाने ३० ते ६० टक्के रोगी दगावतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास बहुतेक वाचतात. तेव्हापासून इस्पितळात जाण्याला रोग्याच्या स्वतःच्या दृष्टीने अर्थ प्राप्त झाला.

६

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, १८९७ मध्ये रोग्याला हलविण्याचा निर्णय त्याच्या हितासाठी म्हणून सांगितला गेला, पण वस्तुतः तो इतरांच्या संरक्षणासाठी होता. आणि तेवढे कार्यही त्याने साधले नाही. रोग्याला देण्याजोगे औषध हाती नसताना शासनाने त्याच्याकडून घर, आप्त व मरणाची रीत या सर्वांचा त्याग मागितला. लोकांचा विरोध सर्वस्वी अज्ञानजन्य नव्हता, आणि अधिकाऱ्यांची सक्ती सर्वस्वी ज्ञानजन्य नव्हती. दोन्ही पक्ष अपुऱ्या माहितीवर निर्णय घेत होते. फरक इतकाच की त्यांपैकी एकाच्या हाती बंदूक होती.

१८९७ चा कायदा पुढेही कायम राहिला. २०२० मध्ये कोव्हिडच्या साथीत त्याचाच आधार घेण्यात आला व त्याच वर्षी त्यात दुरुस्तीही झाली. साथीत सक्ती कधीच समर्थनीय नसते असे या इतिहासावरून म्हणता येणार नाही. मात्र ज्याला हलवावयाचे त्याला ते का, कोणाच्या हितासाठी आणि तेथे त्याची शुश्रूषा कोण करणार, याचे खरे उत्तर देण्याची जबाबदारी हलविणाऱ्यावर असते. मुंबई-पुण्याच्या रोग्यांना ते उत्तर मिळाले नव्हते. आणि जेथे ते अंशतः मिळाले, तेथे घरचे लोक स्वतः रोग्याला इस्पितळाच्या दारी घेऊन आले.