चाक कशावर उभं राहतं?

सायकलचं चाक तयार विकत मिळतं, तसंच ते सुटे भाग निवडून बांधूनही घेता येतं. शर्यतीची किंवा लांब पल्ल्याची हलकी सायकल चालवणारे पुष्कळजण आजही आपल्या चाकांची जोडी बांधून घेतात. तेव्हा चार गोष्टी ठरवाव्या लागतात. रिम कोणती? स्पोकच्या तारा किती आणि केवढ्या जाडीच्या? त्या तारा एकमेकींना किती वेळा ओलांडणार? आणि मधला हब कसा? वरवर पाहता ही खरेदीची यादी वाटते. पण तिच्यातल्या प्रत्येक ओळीमागे दोनशे वर्षांतल्या कारागिरांची खटपट आहे, आणि त्या सगळ्या खटपटीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: इतक्या बारीक तारा माणसाचं वजन पेलतात तरी कशा?

प्रश्न खरोखरच अवघड आहे. २ मिलिमीटर जाडीची आणि ३० सेंटिमीटर लांबीची पोलादी तार जमिनीवर उभी धरून वरून दाबली, तर ती दोन किलो वजनाच्या आतच वाकते. मग चाक उभं राहतं कशावर?

धाव चढवलेलं चाक

आधी बैलगाडीचं चाक आठवू. मध्ये लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे आणि सर्वांत बाहेर लोखंडी धाव. धाव मुद्दामच चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. ती विस्तवात लालभडक तापवली की प्रसरण पावते, चाकावर चढते आणि पाणी ओतताच आकसून सगळं चाक आवळून धरते. म्हणजे गाडीवर ओझं पडण्याआधीच आरे दाबलेले असतात. लाकडाचे सांधे ओढले तर सुटतात, दाबले तर घट्ट होतात. वाहनाला लागणारी ताकद आधीच भरून ठेवायची ही युक्ती आपल्या सुतार-लोहारांच्या रोजच्या कामातली होती.

कार्ल ड्राइसने १८१७ साली मानहाइम शहरात पायांनी जमीन रेटत चालवायची दुचाकी आणली, तेव्हा तिची चाकं याच जातीची होती. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे बसवलेल्या सायकली धावू लागल्या, त्यांची चाकंही लाकडी आणि धाव चढवलेलीच. इंग्रजांनी त्या वाहनाला ‘हाडं खिळखिळी करणारं’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं.

याच्या नेमकी उलटी कल्पना मात्र त्याआधीच कागदावर उतरली होती. विमानविद्येचा आद्य अभ्यासक जॉर्ज केली याला आपल्या उडत्या यंत्रासाठी अतिशय हलकी चाकं हवी होती. १८०८ साली त्याने आपल्या वहीत मांडलं, की आऱ्यांनी दाब सोसायचा हा हट्ट सोडू. कडं भक्कम ठेवू आणि ते मधल्या तुंब्याशी ताणलेल्या दोऱ्यांनी बांधू. दोरी दाब सोसत नाही, पण ओढ उत्तम सोसते. तंबूचा खांब नाही का नुसत्या ओढणाऱ्या दोऱ्यांनी उभा राहत?

कॉव्हेंट्रीतली दोन वर्षं

ही कल्पना सायकलवर आली ती १८६९ च्या सुमारास. पॅरिसच्या युजीन मेयरने प्रत्येक तार वेगळी ताणता येईल असं चाक बनवलं. १८७० मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी ‘एरियल’ सायकलीचं पेटंट घेतलं. तिच्या चाकात हबला जोडलेल्या दांड्यांच्या साहाय्याने हब रिमच्या मानाने थोडा फिरवता येई आणि सगळ्या तारा एकदम ताणल्या जात. चाक हलकं झालं तसं ते मोठंही करता आलं. त्या काळी पायटे थेट पुढच्या हबलाच असत, त्यामुळे एका फेऱ्यात जास्त अंतर जायचं तर चाकच मोठं हवं. म्हणून ती उंच चाकाची सायकल जन्माला आली.

पण त्यातून एक नवी अडचण पुढे आली. तारा हबपासून सरळ त्रिज्येच्या दिशेने गेलेल्या असतील, तर पायट्याने फिरवलेला हब रिमला फिरवणार कसा? हब आधी थोडा पुढे सरकतो, तारा कलतात आणि मगच रिम ओढली जाते. प्रत्येक पायट्यागणिक तारांना हा हिसका बसतो. १८७४ मध्ये स्टार्लीने उपाय काढला. तारा हबच्या कडेला स्पर्शिकेसारख्या लावायच्या, अर्ध्या पुढे झुकलेल्या आणि अर्ध्या मागे. ताक घुसळताना दोरी रवीच्या अंगाला स्पर्शून निघते म्हणूनच रवी फिरते. ती दोरी रवीच्या मध्याकडे रोखून ओढली तर रवी फिरणारच नाही. आज बहुतेक चाकांत प्रत्येक तार इतर तीन तारांना ओलांडून जाते, त्या जाळीचं मूळ या पेटंटात आहे.

१८८५ मध्ये स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ आणली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेचा टायर बनवला. तेव्हापासून चाकाचा आराखडा साधारण ठरून गेला.

लटकलेलं की उभं?

वापर सुरू झाला तरी प्रश्न सुटला नव्हता. सर्वसाधारण समजूत अशी, की हब वरच्या तारांना लटकलेला असतो. १९८१ मध्ये जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याने ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात संगणकाने केलेला हिशेब मांडला. त्यात दिसलं, की सायकलवर वजन पडल्यावर वरच्या तारांचा ताण जवळजवळ वाढतच नाही. ठळक बदल होतो तो फक्त जमिनीजवळच्या चार-पाच तारांत, आणि तिथे ताण कमी होतो. म्हणून चाक खालच्या तारांवर ‘उभं’ राहतं, असं ब्रँटने लिहिलं. त्यावर पुष्कळ वाद झाला. जी तार दाब सोसत नाही तिच्यावर कोणी उभं कसं राहील?

हे समजायला रस्सीखेच आठवावी. दोन्ही संघ सारख्याच जोराने ओढत असतील तर दोर जागचा हलत नाही. एका संघाने ओढ थोडी सैल केली, तर दुसऱ्याने जोर न वाढवताही दोर त्याच्याकडे जातो. चाकात वरच्या तारा हबला वर ओढतात आणि खालच्या खाली. वजन पडलं की रिम जमिनीपाशी किंचित चपटी होते, खालच्या तारांची ओढ घटते आणि वरच्यांची तशीच राहते. हा फरक म्हणजेच वर जाणारं बळ, आणि ते माणसाला तोलतं. लटकणं म्हणा की उभं राहणं, दोन्ही वर्णनं याच हिशेबाची आहेत. धाव जे दाबून साधते तेच इथे ताणून साधलेलं आहे.

आता आकडे पाहू. शर्यतीच्या चाकात एकेका तारेवर सुमारे १०० किलो वजनाइतका ताण असू शकतो. ३६ तारा धरल्या तर सगळ्या मिळून रिमला ३६०० किलोच्या ओढीने आत खेचत असतात. चाक नुसतं भिंतीला टेकून उभं असतं तेव्हाही! म्हणूनच ताण संपता कामा नये. खालची तार पूर्ण सैल पडली तर रिमला बाजूचा आधार उरत नाही आणि एखाद्या खड्ड्यात चाकाचा आठ होतो.

जाड म्हणजे मजबूत?

इथे निवडीतली सर्वांत चकवणारी गोष्ट येते. २ मिलिमीटर जाडीची तार १०० किलोच्या ताणाखाली जवळपास अर्धा मिलिमीटर लांबते. दीड मिलिमीटरची तार तेवढ्याच ताणाखाली सुमारे ०.८५ मिलिमीटर लांबते. समजा खड्ड्यात रिम ०.२ मिलिमीटर आत दबली. जाड तारेचा दहापैकी चार भाग ताण गेला, बारीक तारेचा मात्र जेमतेम पाव. म्हणजे बारीक तार सैल पडायला जास्त वेळ टिकते आणि भार शेजारणींत वाटून देते.

याला टिकाऊपणाचीही बाजू आहे. दर किलोमीटरला चाकाचे सुमारे पावणेपाचशे फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावून पुन्हा ताणली जाते. दहा हजार किलोमीटरमध्ये हे जवळपास ४७ लाख वेळा घडतं. असे लहान लहान झोके सोसून धातू थकतो, हे ऑगस्ट व्यॉलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांचा अभ्यास करून दाखवलं होतं. तार बहुधा हबपाशी, जिथे तिची मान वाकवलेली असते तिथेच तुटते. म्हणून चांगल्या तारा दोन्ही टोकांना २ मिलिमीटर ठेवून मधे बारीक केलेल्या असतात. त्या वजनाला हलक्या असतातच, शिवाय अधिक टिकतात.

रिमचे वेश

रिमच्या बाबतीत धातूने लाकडाला हटवायला बराच काळ घेतला. शर्यतीत लाकडी रिम विसाव्या शतकातही टिकून होत्या. १९३४ च्या तूर द फ्रान्समध्ये विजेत्या आंतोनँ मान्य याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिम वापरल्या आणि गुपित फुटू नये म्हणून त्या लाकडासारख्या रंगवल्या होत्या, अशी हकीकत सांगतात. पुढे हवेचा रोध कमी करण्याकडे लक्ष गेलं. धावत्या चाकाचा सर्वांत वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो, त्यामुळे तिथला वारा महाग पडतो. १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझेर याने तारांऐवजी भरीव तबकड्यांची चाकं लावून तासाभरात ५१.१५१ किलोमीटर अंतर तोडलं. आजच्या खोल कार्बन रिम त्याच विचाराच्या. रिम ताठ झाली की भार जास्त तारांत पसरतो, म्हणून तारा कमी लागतात.

मागच्या चाकाचं दुखणं मात्र वेगळं. १९३७ मध्ये तूर द फ्रान्सने साखळी सरकवणाऱ्या गिअरना परवानगी दिली, आणि पुढे मागच्या हबवर दातेरी चक्रं वाढतच गेली. त्यांना जागा देण्यासाठी उजव्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या बसवाव्या लागल्या. रिम मध्यावर ठेवायची तर उजवीकडे ताण जास्त आणि डावीकडे जवळपास निम्मा. सैल डाव्या तारा लवकर तुटतात, म्हणून जाणकार डावीकडे आणखी बारीक तारा घालतात. डिस्क ब्रेक आल्यावर पुढच्या हबलाही मुरड सोसावी लागते, आणि स्टार्लीची स्पर्शिका तिथेही पुन्हा कामाला येते.

मग निवड कशी करावी?

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. आधी बसणाऱ्याचं वजन आणि रस्ता, त्यावरून तारांची संख्या आणि रिमचा ताठपणा, मग तारांची जाडी, आणि भागांचं वजन सगळ्यांत शेवटी. आपल्याकडच्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, त्या उगीच नव्हेत. मागच्या चाकावर बसणाऱ्याचा जास्त भार, कॅरिअरवरचं ओझं आणि साखळीची ओढ, तिन्ही येतात. वजनदार माणसाने खराब रस्त्यासाठी वीस तारांचं चाक घेतलं, तर वाचलेले काही ग्रॅम एका खड्ड्यात वसूल होतात. शिवाय भाग कितीही महाग असले तरी ताण सगळीकडे सारखा नसेल तर चाक टिकत नाही.

हा धडा वर्गात सायकल आणून सहज घेता येईल. जमिनीजवळची तार बोटाने छेडा आणि आवाज ऐका. मग एका विद्यार्थ्याला सायकलवर बसवा, दोघांना ती घट्ट धरायला सांगा आणि तीच तार पुन्हा छेडा. स्वर उतरतो. आता वरची तार छेडा, तिचा स्वर जवळजवळ तोच राहतो. कोपऱ्यावरचा सायकलवाला चाकाचा आऊट काढताना तारा वाजवून पाहतो तो याचसाठी. ब्रँटने संगणकावर जे मोजलं ते या कारागिरांच्या कानाला फार आधीपासून ठाऊक होतं. मुलांना पुस्तकातल्या ताण आणि दाबाची ओळख करून देताना त्याला एक दिवस वर्गात बोलवायला काय हरकत आहे?