पटावरची मुलं

आजीचं माहेर टिटवाळ्याचं. आता अंगारकीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण तिच्या लहानपणी ते काळू नदीकाठचं भातशेतीचं गाव होतं. १९४५ च्या जानेवारीत भाताची झोडणी उरकून लोक जरा मोकळे झाले होते, तेव्हा गावात मांडव पडला आणि लांबलांबून शेतकरी जमू लागले. महाराष्ट्र किसान सभेची परिषद होती. आजी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. भाषणांतलं तिला काही उमगलं नाही. लक्षात राहिले ते उंबरगावकडून आलेले मूठभर वारली. कमरेला लंगोटी, खांद्यावर फडकं. अंगणात पाणी प्यायला थांबले, पण पडवीची पायरी चढायला तयार नाहीत. पणजीने त्यांतल्या एकाला सहज विचारलं, "मुलंबाळं किती तुला?" तो म्हणाला, "दोन. शेठकडं असतात."

आजीला वाटलं, शिकायला ठेवली असतील. तिच्या आळीतली दोन मुलं कल्याणला मामाकडे राहून शाळेत जात होती, तशीच. रात्री पणजोबांनी तिला खरं काय ते समजावलं. त्या माणसाने लग्नासाठी शे-दीडशे रुपये काढले असतील. ते फिटेपर्यंत त्याने आणि त्याच्या बायकोने शेठच्या घरी, शेतावर, गवताच्या कापणीला राबायचं. हिशेब शेठच्या वहीत, आणि वही वाचता येणारा माणूस पाड्यावर एकही नाही. मग मुलं जरा चालती झाली की तीही त्याच दावणीला. अशा माणसाला त्या मुलखात लग्नगडी म्हणत.

पुढे काय झालं ते इतिहासात आहे. परिषदेला आलेले माह्या धांगडा झरी गावी परतले आणि त्याच वर्षी २३ मे रोजी झरीत हजारो वारली एकत्र आले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, तरी लोक मागे हटले नाहीत. लग्नगडी पाड्यापाड्यांतून सुटले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आमच्या घरी होतं. आजीला चष्मा लागल्यावर आम्ही नातवंडांनी ते तिला वाचून दाखवलं. ती मधेच थांबवून विचारायची, "मुलांचं काय झालं, ते लिहिलंय का?" सुटलेला बाप काय करतो हे तिला फारसं विचारायचं नसे. शेठच्या गोठ्यातून बाहेर आलेलं आठ वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे गेलं, हे तिला हवं असायचं.

या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात आत्याने शोधलं. ती १९७६ साली मुरबाड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. त्याच वर्षी वेठबिगारी रद्द करणारा कायदा संसदेत मंजूर झाला होता. दोन खोल्यांची शाळा, चार वर्ग. जूनमध्ये पट भरलेला असे. दिवाळीची सुट्टी संपवून आत्या परत गेली की कातकरी वाडीवरची निम्मी मुलं गायब. पहिल्या वर्षी तिला वाटलं, साथ आली असेल. ती वाडीवर गेली तर झापांची दारं बांधलेली आणि एक म्हातारी कुत्र्याला भाकरी घालत बसलेली. "भट्टीवर गेली सारी," म्हातारी म्हणाली, "पावसाला येतील."

आत्या वीटभट्टीचं सगळं चक्र जाणते. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास भट्टीवाल्याचा माणूस वाडीवर येतो. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरातले तांदूळ संपलेले असतात, कुणी आजारी असतं, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. तो उचल देतो. मग टेम्पो येतो. त्यात भांडी, चुलीची लाकडं, कोंबड्या आणि मुलं चढतात, आणि भिवंडी, पडघा, खडवली, कल्याणच्या खाडीकाठी उतरतात. आठवड्याला खावटी मिळते, तेवढ्यात बाजार करायचा. मजुरी हजार विटांवर ठरते आणि ती जोडीला, म्हणजे नवराबायकोला, मिळते. नवराबायको मध्यरात्र उलटली की उठून गारा मळतात आणि साच्यातून विटा पाडतात. उन्हात विटांची एक बाजू सुकली की त्या उलटायच्या असतात. ते काम मुलांचं. हात लहान, अंग हलकं, ओल्या विटांच्या रांगांतून ती भराभर चालतात. वहीत मुलाचं नाव कुठेच नसतं. विचारलं तर मालक म्हणतो, आईबापाला मदत करतात. आईबापही तेच म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. पोरानं विटा उलटल्या नाहीत तर हजाराचा आकडा भरत नाही.

सीझन संपला की हिशेब होतो. खावटी वजा, उचल वजा, आजारपणाचे खाडे वजा, आणि पुष्कळदा उलट मजुराकडेच बाकी निघते. मग मालक म्हणतो, थोरल्याला ठेवून जा, गुरं राखील, जेवील-खाईल. आत्याच्या वर्गातला गणितात सगळ्यांच्या पुढे असलेला एक मुलगा असाच राहिला. पुढल्या जूनमध्ये त्याची धाकटी बहीण शाळेत आली. दादा कुठे, विचारल्यावर ती जे बोलली ते आत्याने घरी येऊन आजीला सांगितलं. "शेठकडं असतो."

आम्ही शहरातली माणसं मुलांचा व्यापार म्हटलं की तोंडावर रुमाल दाबून उचलून नेणारा गुंड डोळ्यांपुढे आणतो. तसं होतंही. पण आमच्या या जिल्ह्यात पोर बहुतेक वेळा बापाच्या देखत, ओळखीच्या माणसाबरोबर, दिवसाढवळ्या गेलेलं आहे. २०१३ साली भारतीय दंडविधानाचं ३७० कलम बदललं. पिळवणुकीसाठी माणूस मिळवताना त्याच्यावर ज्याचा ताबा आहे त्याला पैसे देऊन त्याची संमती घेणं, हेही त्या कलमाने मानवी व्यापारात धरलं, आणि ज्याचा व्यापार होतो त्याच्या स्वतःच्या संमतीलाही काही किंमत नाही असं स्पष्ट लिहिलं. मी हे आत्याला वाचून दाखवलं, तेव्हा ती इतकंच म्हणाली, की हे तिला १९७७ साली हवं होतं.

तिच्या हाती त्या काळात काय होतं? भट्टीवर जाऊन बसणं. रविवारी ती एसटीने कल्याणला यायची आणि आमच्याकडे जेवून भट्ट्या पालथ्या घालायची. मूल सापडलं की पाटी काढून तिथेच शिकवायची, आणि परीक्षेपुरतं तरी त्याला गावी पाठवा म्हणून बापाच्या मागे लागायची. एकटीच्या बळावर असं किती होणार! तिला खरा धीर आला तो वसईकडच्या बातम्या ऐकून. तिथे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना उभी करून १९८० च्या दशकात वेठबिगार सोडवायला सुरुवात केली होती. कायदा कागदावर होता, त्यांनी तो तहसीलदाराच्या टेबलावर नेऊन ठेवला. या कामासाठी १९९९ मध्ये त्यांना लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती त्यांची भोंगा शाळा. भोंगा म्हणजे भट्टीवर मजूर उभारतात ते खोपटं. शाळा त्याच खोपट्यात, भट्टीच्या बाजूला, मुलांना कामातून उठून दहा पावलांत पोचता येईल अशी. पहिल्यांदा त्या शाळेचा फोटो वर्तमानपत्रात आला, तो आत्याने कापून पाकिटात ठेवला.

मुलांपाशी शाळा नेण्याचा हा विचारही या मातीत आधी रुजलेलाच होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ सालीच बोर्डीला बालवाडी घेऊन आल्या आणि १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर गेल्या. गुरं चारणाऱ्या पोरांना शाळेत येता येत नाही, म्हणून त्यांनी गुरांच्या मागे कुरणात शाळा नेली. ज्या वर्षी झरीत बाप वेठीतून सुटले, त्याच वर्षी त्याच किनारपट्टीवर मुलांच्या शाळेचा असा विचार सुरू व्हावा, हे आजीला देवाचं नियोजन वाटे. मला ते दोन अवघड कामांचं एकमेकांवाचून अडणं वाटतं.

आप्पांच्या, म्हणजे आजोबांच्या, गोष्टी वेगळ्या. ते कल्याण स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोचली आणि पुढे कसाऱ्याचा घाट आणि कर्जतचा घाट अशा दोन्ही वाटा इथूनच फुटल्या. उत्तरेतून आलेली गाडी इथे थांबते, दक्षिणेतूनही थांबते, आणि घरातून पळालेलं पोर मुंबईच्या गर्दीला बिचकून एक स्टेशन आधीच उतरतं. आप्पांना अशी मुलं पहाटे द्राक्षांच्या पेट्यांच्या आडोशाला झोपलेली सापडायची. एकाला ते घरी घेऊन आले. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, बाह्या चार घड्या घालून वर केलेल्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. दोन दिवस तो गावाचं नाव सांगेना. तिसऱ्या दिवशी आजीने चुलीजवळ बसवून त्याला भाकरी थापायला दिली, तेव्हा तो म्हणाला की त्याच्या आईची भाकरी याहून मोठी असते, आणि मग गाव, तालुका, सगळं बाहेर आलं. आप्पांनी कार्ड टाकलं. बाप नेवाशाकडून आला आणि दारातच रडायला लागला.

हा एक परत गेला. बाकीच्यांबद्दल आप्पा जास्त बोलत. प्लॅटफॉर्मवर त्यांच्याआधी पोचणारी माणसं असायची. त्यांच्या हातात वडापाव असायचा आणि जिभेवर हॉटेलातलं, मागावरचं काम. भिवंडीचे यंत्रमाग रात्रभर चालत, तिथे कांड्या भरायला लहान हात लागत. आप्पा म्हणत, "पोराशी आधी कोण बोलतं, त्यावर त्याचा जन्म ठरतो."

आज त्याच कल्याणच्या, ठाण्याच्या फलाटांवर समतोल फाउंडेशनचे कार्यकर्ते फिरतात. विजय जाधव यांनी ही संस्था सुरू केली. पळालेल्या मुलाशी सगळ्यांत आधी बोलायचं, हेच तिच्या कामाचं मूळ. कायद्यानुसार सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. पण थेट घरी नेऊन सोडलेला मुलगा पुढल्या गाडीने पुन्हा निघतो, हे रेल्वेतल्या कुणालाही विचारा. म्हणून समतोलने कल्याणजवळ मामणोलीला पंचेचाळीस दिवसांचं मनपरिवर्तन शिबिर चालवलं. वेळेवर उठणं, खेळणं, रडायचं तर रडणं, नशेची सवय असेल तर ती सुटणं, आणि घर का सोडलं हे आपल्या तोंडाने सांगता येणं. त्यानंतर आईवडिलांना बोलावून मूल त्यांच्या हाती द्यायचं. आप्पांच्या काळी जे एका चुलीजवळ जमलं किंवा फसलं, त्याला इथे रीत आणि माणसं मिळाली. सुटकेचे छापे वर्तमानपत्रात येतात, फोटो येतात. हे पंचेचाळीस दिवस कुठे छापून येत नाहीत, आणि माझ्या मते मुलाचं खरं सुटणं त्यांतच आहे.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू झाली. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांची. मराठवाड्यातून दुष्काळात आलेली पारधी कुटुंबं त्याच पुलाखाली राहतात. मुलं सिग्नलला गजरे विकायची. शाळा त्यांच्या अंथरुणापासून हाकेच्या अंतरावर आली. आधी आंघोळ, मग गणवेश, मग नाश्ता, मग अभ्यास. वरून गाड्या जातात आणि खाली पाढे चालतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आत्या बरोबर होती. ती फळ्याकडे बघेना, हजेरीपट मागून घेऊन उभ्याउभ्या वाचत राहिली.

एवढं असूनही २०२२ च्या सप्टेंबरात इगतपुरीकडची कातकरी मुलगी मेली. मेंढपाळांकडे राबायला दिलेली. तिच्या मरणानंतर तशी आणखी मुलं उघडकीला आली, कुठे काहीशे रुपयांत तर कुठे एका मेंढीच्या बदल्यात दिलेली. श्रमजीवीच्या कार्यकर्त्यांनी पोलिसांत गुन्हे नोंदवायला लावले. आत्याने दोन दिवस वर्तमानपत्र उघडलं नाही. मग मला फोन करून विचारलं, "त्यांच्या शाळांना कळलं कसं नाही? नाव पटावर होतं ना?" तिचं म्हणणं मला पटतं. मूल विकलं गेल्याची पहिली खबर पोलिसांना लागत नसते. ती वर्गशिक्षकाला लागते, लागोपाठच्या गैरहजेरीच्या खुणांतून. तिथे कुणी उठून वाडीवर गेलं, तर पुढची निम्मी वाट वाचते.

गेल्या हिवाळ्यात ती माझ्याबरोबर खडवलीच्या बाजूला एका भट्टीवर आली. गुडघे दुखतात, तरी आली. विटांच्या रांगांत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी वाकून विटा उलटत होती. केसांत विटांची माती, धाकट्या भावाला तिने ओढणीने पाठीशी बांधलेलं. आत्याने विचारलं, "कितवीत गं तू?" ती म्हणाली, "तिसरीत होते."

तिची आई मुरबाडची निघाली. शिक्षण हमी कार्ड नावाचं काही असतं, ते दाखवलं की जवळच्या शाळेला मुलगी बसवून घ्यावीच लागते, दाखला नसला तरी नाही म्हणता येत नाही, हे आत्याने तिला दोनदा समजावलं. मुलीच्या गावच्या शाळेत आता आत्याचाच एक जुना विद्यार्थी गुरुजी आहे. त्याने कार्ड करून फोटो पाठवला. जवळच्या शाळेतल्या बाईंनी सोमवारी तिला तिसरीत बसवलं. धाकट्याला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न उरलाच होता. बाईंनी त्यालाही अंगणवाडीत घालायला लावलं. मालक कुरकुरला, तेव्हा आत्याने त्याला मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर ठाऊक आहे का, असं विचारलं. पाऊस लागला की ते कुटुंब गावी परतेल. तोपर्यंत दर शनिवारी आत्या त्या बाईंना फोन करते आणि एकच गोष्ट विचारते, या आठवड्यात किती दिवस आली.