छोट्या लाइनचे इंजिन: प्रतिकृतीच्या खरेपणाची कसोटी

वाफेच्या इंजिनाची नवी प्रतिकृती खोक्यातून बाहेर निघाली की पाहणाऱ्याची नजर बहुधा आधी रिव्हेटांवर जाते. रिव्हेट मोजता येतात, फोटोशी ताडता येतात, आणि एखादा कमी भरला तर तो दाखवून देता येतो. माझ्या मते परीक्षेचा हा शेवटचा टप्पा आहे. तिथून सुरुवात करणारा बहुतेक वेळा चुकीच्या इंजिनाला चांगले गुण देऊन बसतो.

यासाठी दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. बारकावा म्हणजे सुटा घटक: रिव्हेट, दांडी, नळी, पायरी, नंबरपाटी. खरेपणा म्हणजे या घटकांचे एकमेकांशी आणि मूळ इंजिनाशी असलेले नाते. शंभर बारकावे अचूक असूनही प्रतिकृती खोटी वाटू शकते, आणि निम्मे बारकावे गाळूनही ती ओळखीची वाटू शकते. व्यंगचित्रकार चार रेषांत माणूस उभा करतो, तो नात्यांच्या जोरावर.

हे विवेचन परभणी जिल्ह्यातल्या इंजिनांना धरून करतो आहे, कारण इथे प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने उघडली, ती मीटरगेजवर. सेलू, मानवत रोड, परभणी, पिंगळी, मिरखेल, पूर्णा ही स्थानके त्याच मार्गावरची. पूर्णेहून हिंगोली-अकोल्याकडे फाटा जाई, परभणीहून गंगाखेडमार्गे परळीकडे. जिल्ह्यातला मुख्य मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला, पुढे पूर्णा-अकोलाही झाला. आज जिल्ह्यात छोट्या लाइनचा, म्हणजे मीटरगेजचा, एक रूळही वापरात नाही. त्यामुळे इथल्या वायपी किंवा वायजी जातीच्या मीटरगेज इंजिनाची प्रतिकृती जे दाखवेल तेच पुढच्या पिढीला खरे वाटणार आहे. तिची परीक्षा कडक हवी ती म्हणूनच.

पहिली कसोटी रुंदीची. आपल्याकडच्या मीटरगेज डब्याची रुंदी २.७४ मीटर आणि रूळांमधले अंतर १ मीटर. म्हणजे गाडी रूळांच्या पावणेतीन पट रुंद. ब्रॉडगेजवर डबा सुमारे ३.२५ मीटर आणि गेज १.६७६ मीटर, म्हणजे दुप्पटीलाही थोडे कमीच. मीटरगेजची सगळी देहबोली या एका गुणोत्तरात आहे: खाली अरुंद पाऊल, वर दोन्ही बाजूंना झुकलेला देह, आणि जुन्या रूळांवरून जाताना येणारा तो डुलता चालीचा भास.

आता बाजारात सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे ८७ पट लहान, आणि त्याचे रूळ १६.५ मिमी अंतराचे. १६.५ ला ८७ ने गुणले की १,४३५ मिमी येतात. हा युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपल्याकडे बांधणारे पुष्कळ लोक सोय म्हणून याच रूळांवर वायपीचे शरीर बसवतात. शरीर बरोबर असते, पण ते मूळच्या मानाने ४३५ मिमी जास्त रुंद पायांवर उभे राहते. पावणेतीनचे गुणोत्तर एक पूर्णांक नऊवर येते. इंजिन मग ठेंगू ब्रॉडगेजसारखे दिसते, आणि बघणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही, नुसते चुकल्यासारखे वाटत राहते. उलट ब्रॉडगेजचे डब्ल्यूपी इंजिन याच रूळांवर ठेवले तर ते २४१ मिमीने अरुंद होते. रूळ एकच, खोट दोन दिशांनी.

मीटरगेजसाठी एचओ प्रमाणात १२ मिमीचा रूळ वापरतात. त्याचे मूळ माप १,०४४ मिमी येते, चूक साडेचार टक्क्यांच्याही आत. त्याहून जवळची जोडी म्हणजे १:२२.५ प्रमाण आणि ४५ मिमीचा रूळ, जिथे हिशोब १,०१२ मिमीवर येतो. हे प्रमाण मुळात मीटरगेज डोळ्यांपुढे ठेवूनच रुजले. घरात जागा असेल आणि इंजिन एकच करायचे असेल, तर पूर्णेच्या शेडमधले इंजिन मी याच प्रमाणात करायला सांगेन.

गेज जुळला की चाकांकडे वळावे. वायपी प्रवासी गाड्यांचे, ४-६-२ रचनेचे इंजिन. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन. वायजी मालगाड्यांचे, २-८-२. वायपीच्या मोठ्या चाकाचा व्यास १,३७२ मिमी आणि वायजीचा १,२१९ मिमी. एचओमध्ये हे अनुक्रमे १५.८ आणि १४ मिमी होतात. फरक जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा, पण एक इंजिन पळण्यासाठी आणि दुसरे ओढण्यासाठी आहे हे डोळ्याला त्यावरूनच कळते. दोघांचे अनेक भाग सामाईक होते, म्हणून निर्माता वायजीची चाके वायपीखाली खपवण्याच्या मोहात पडू शकतो. कॅलिपर लावून पाहावे.

इथे थोडी सवलतही द्यावी लागते. मूळ चाकाची कड, म्हणजे फ्लँज, सुमारे २८ मिमी उंच. एचओमध्ये तिचे माप सुमारे ०.३२ मिमी होईल. प्रत्यक्षात प्रतिकृतीच्या चाकांना १.२ मिमीपर्यंत कड दिली जाते, नाहीतर सांध्यांवर गाडी घसरते. कड उंच झाली की शेजारची दोन चाके एकमेकांना घासू नयेत म्हणून व्यास किंचित उतरवतात. हे मला मान्य आहे. खऱ्या चाकाची धावही झिजते, लेथवर पुन्हा कातली जाते आणि तिचा व्यास काही सेंटिमीटरने उतरतो. म्हणून अर्धा मिलिमीटर लहान चाक हे ‘बरेच दिवस चाललेले इंजिन’ मानता येते. मोठे चाक मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही.

दोष तपासताना तो कुठून आला हे विचारायलाच हवे. काही दोष पदार्थविज्ञानाने लादलेले असतात, काही खर्चाने, आणि काही न पाहिल्यामुळे होतात. पहिल्या जातीला क्षमा, दुसऱ्या जातीला किंमतीप्रमाणे सवलत, तिसऱ्या जातीला काहीच नाही. मीटरगेज इंजिनाच्या तोंडावर दोन बाजूंना दोन बफर बसवलेले असतील तर तो तिसऱ्या जातीचा दोष. आपल्या मीटरगेजवर मधोमध एकच बफर आणि त्यातच आकडा अशी जोडणी होती. दोन बफर आणि मधली स्क्रूची साखळी ब्रॉडगेजची. एक फोटो पाहिला असता तरी ही चूक टळली असती. वायपीच्या तोंडावर डब्ल्यूपीचा शंकूसारखा टोकदार मुखवटा चढवणे याच जातीचे. वायपीचा स्मोकबॉक्सचा दरवाजा साधा गोल.

सक्तीची तडजोड आणि हलगर्जी यांतला फरक मला एका निवृत्त फायरमनने शिकवला. पूर्णेच्या त्या काकांच्या हातात मी नवी वायजी दिली, आणि ते हँडरेलचे कौतुक करतील अशी वाट पाहत बसलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, इंजिन आडवे धरले आणि कॅब व टेंडर यांच्यामधल्या फटीत करंगळीचे नख घालून पाहिले.

“बाबा, इथं पाय कुठं ठेवू मी? फावडं भरून वळलो की खालीच गेलो की!”

घरी येऊन मोजले. फट ११ मिमी. ८७ पट केली की सुमारे ९६ सेंटिमीटर, म्हणजे तीन फुटांहून जास्त. खऱ्या इंजिनात त्या जागी बिजागरीचा लोखंडी पत्रा असतो आणि फायरमन त्यावर पाय देऊन वळतो. फट एवढी मोठी का, याचे कारण वळण. घरातले वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे असले तर मूळ मापाने ते ३१ मीटरचे होते. खऱ्या मार्गावर इतके तीव्र वळण वायजीच्या वाट्याला कधीच येत नव्हते. म्हणजे फट ही तडजोड आहे. पण काही निर्माते जोडदांडीला दोन भोके देतात, एक तीव्र वळणासाठी आणि एक जवळ जोडण्यासाठी. ज्याने दुसरे भोक दिले नाही, त्याने आपले इंजिन कोण चालवणार याचा विचार केला नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक प्रतिकृतीत आधी फायरमनची जागा पाहतो: पायरीवर पाय पुरेल का, दांडी हाताला लागेल का, कोळशापर्यंत फावडे जाईल का.

गतीची कसोटी स्थिर परीक्षेहून अवघड आहे आणि जास्त उपयोगाची. या इंजिनांवर वॉल्शर्ट्स पद्धतीचा व्हॉल्व्ह गिअर होता. दांड्यांचे हे जाळे म्हणजे इंजिनाचा चेहराच. तपासायच्या जागा दोन. मोठ्या चाकाच्या खिळीवर बसलेला रिटर्न क्रँक दोन्ही बाजूंना पुढे जाण्याच्या दिशेच्या संदर्भात सारखाच कललेला हवा. घाईत जोडलेल्या प्रतिकृतीत एक बाजू पुढे आणि दुसरी मागे कललेली सापडते. खरे इंजिन असे असते तर एका सिलिंडरने ओढले असते आणि दुसऱ्याने अडवले असते. दुसरी जागा पुढे, क्रॉसहेडपासून वर जाणाऱ्या उभ्या कॉम्बिनेशन लिव्हरच्या माथ्याशी. या इंजिनांच्या पिस्टन व्हॉल्व्हमध्ये वाफ मधून आत येते आणि टोकांकडून बाहेर पडते. अशा रचनेत रेडियस रॉडची खीळ वर आणि व्हॉल्व्हच्या दांडीची खीळ खाली असते. वाफ बाहेरून आत येणाऱ्या जुन्या सरक-व्हॉल्व्हांत ती उलटी. एचओमध्ये या दोन खिळींमधले अंतर एखादा मिलिमीटरही भरत नाही, पण ती उलटी बसली तर निर्मात्याने दांड्या नुसत्या शोभेला लावल्या हे तिथेच उघड होते.

आता चाल. ताशी ७५ किलोमीटरने जाणारे इंजिन एचओमध्ये सेकंदाला २४ सेंटिमीटर सरकते, आणि स्थानकातून निघताना ताशी १० ने जाणारे जेमतेम ३ सेंटिमीटर. बहुतेक प्रतिकृती पहिला वेग सहज गाठतात, दुसऱ्यावर अडखळतात. मी खालचाच वेग तपासतो. पूर्णेच्या फलाटावरून निघणारी गाडी आठवणाऱ्याच्या कानात तेच चार-पाच संथ भपकारे असतात. दोन सिलिंडरचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा फुत्कारते. वायपीच्या चाकाचा परीघ ४.३ मीटर, म्हणजे ताशी १० च्या वेगाला सेकंदाला अडीचच्या आसपास फुत्कार. आवाजाची चिप बसवलेल्या प्रतिकृतीत हा मेळ घड्याळ लावून मोजता येतो. मेळ चुकला तर ध्वनी कितीही सुस्पष्ट असो, चाक एक बोलते आणि धुरांडे दुसरेच. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. गाड्या चालत्या पाहिल्यावर नजर तपशिलावरून कशी उडते आणि चालीवर कशी खिळते, याचा अनुभव तिथे घेता येतो.

यानंतर कुठे बारकाव्यांची पाळी. माणसाच्या डोळ्याची मर्यादा इथे मोजपट्टी होते. नीट दृष्टीला एक मिनिट कोनाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. हातात धरून ३० सेंटिमीटरवरून ते सुमारे ०.०९ मिमी होते, एक मीटरवरून ०.२९ मिमी. इंचभर जाडीची हँडरेल एचओमध्ये बरोबर ०.२९ मिमी भरते. रिव्हेटचे डोके ३० मिमीचे धरले तर ०.३५. म्हणजे मांडणीवर मीटरभर दुरून हे दोन्ही नजरेच्या उंबरठ्यावर असतात. तार वेगळी ओवलेली हँडरेल छान दिसते ती तिच्या सावलीमुळे. साच्यात ओतलेल्या उंचवट्याला सुटी सावली पडत नाही. बॉयलर आणि चाके यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसणे त्याहून महत्त्वाचे. मोटार लपवण्यासाठी ती पोकळी भरून टाकली की पाचशे रिव्हेटही इंजिनाला हलके करू शकत नाहीत.

काळाची कसोटी बहुतेक परीक्षक विसरतात. परभणीचा मार्ग जिच्याकडे होता ती निजामाची रेल्वे १९५१ च्या ५ नोव्हेंबरला मध्य रेल्वेत गेली, आणि २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निर्माण झाली. टेंडरवरची अक्षरे या तारखांना बांधलेली. टेंडरवर दक्षिण मध्यची अक्षरे असतील तर त्यामागचा प्रत्येक डबा, स्थानकाची पाटी, सिग्नलही १९६६ नंतर वापरात असलेला हवा. वायपीवर निजाम स्टेट रेल्वेचे नाव असेल तर मी आधी फोटो मागेन, कारण ही जात १९४९ पासूनची आहे आणि ती रेल्वे लवकरच संपली. वायपी एकूण ८७१ बनली, ती बाल्डविन, नॉर्थ ब्रिटिश, क्राउस-माफाई आणि आपल्या टेल्कोत. म्हणून नंबरपाटी आणि कारखान्याची पाटी यांचाही मेळ लागायला हवा. जो नंबर टेल्कोचा, त्यावर जर्मन पाटी चालत नाही.

शेवटी कातडी. चकचकीत काळे इंजिन शेडमधून धुऊन निघालेल्या पहिल्या तासाचे असते. नंतर त्यावर राख, तेल, आणि परभणीच्या काळ्या मातीची उन्हाळ्यात उडणारी राखाडी धूळ बसते. इंजेक्टरच्या नळीखाली आणि बॉयलरच्या टोप्यांजवळ जड पाण्यातल्या चुन्याचे पांढरे ओघळ वाळतात. रंगवणारे बहुतेक लोक गंजाचा तांबूस रंग फार वापरतात. चालत्या इंजिनाला गंज थोडा, तेलकट काळपटपणा जास्त, कारण तेलाचा डबा घेऊन ड्रायव्हर प्रत्येक मुक्कामाला खाली उतरे. टेंडरमधला कोळसाही पाहावा. फायरमन ढेकळे फोडून मुठीएवढी करी. मूठ दहा सेंटिमीटरची धरली तर एचओमध्ये ती एक मिलिमीटरच्या जरा वर. खरा कोळसा कुटून, चहाच्या गाळणीने चाळून तेवढे कण टेंडरमध्ये डिंकाने बसवता येतात. मी तसे करून ती वायजी काकांकडे परत नेली, जोडदांडी आखूड करून. त्यांनी पुन्हा नख घातले. या वेळी ते आत गेले नाही, आणि काकांनी इंजिन वळवून बॉयलरचे तोंड खिडकीकडे केले.