मोरीच्या पाइपात उतरलेला डोळा

मोरीचं पाणी उतरेनासं झालं की आपल्याकडच्या उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी कळकाची कामटी, मग अ‍ॅसिड, मग प्लंबरची स्प्रिंग, आणि तेही हरलं की छिन्नी-हातोडा. फरशी नेमकी कुठे फोडायची हे प्लंबर अनुभवानं ठरवतो. अंदाज चुकला की धडधाकट पाइप उघडा पडतो आणि चोकअप दोन फुटांवर तसाच राहतो. या हत्यारांच्या रांगेत आता हजार-दोन हजार रुपयांना मिळणारा, वायरीच्या टोकावर बसवलेला कॅमेरा आला आहे. टोक करंगळीहून बारीक, साधारण आठ मिलिमीटर. मधोमध भिंग, भोवती सहा-आठ पांढरे एलईडी. वायरीचं दुसरं टोक मोबाइलला जोडलं की पाइपाची आतली भिंत पडद्यावर दिसते.

प्लंबरच्या हाती हा कॅमेरा अलीकडे आला. त्याचं मूळ घराणं डॉक्टरांचं.

फ्रँकफर्टमध्ये फिलिप बोझिनी नावाच्या तरुण डॉक्टरनं १८०६ साली एक उपकरण लोकांपुढे आणलं. धातूचा उभट डबा, आत जळती मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि समोर शरीरात घालायची नळी. ज्योतीचा झगमगाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यानं उजेडाची वाट आणि नजरेची वाट यांच्यात पडदा घातला होता. व्हिएन्नाच्या वैद्यकीय मंडळींनी नाक मुरडलं. बोझिनी १८०९ मध्ये टायफसनं गेला, तेव्हा तो अवघा पस्तीस वर्षांचा होता. पण प्रश्न त्यानं अचूक मांडून ठेवला होता: एकाच अरुंद नळीतून उजेड आत न्यायचा आणि दृश्य बाहेर आणायचं. पुढची दीडशे वर्षं लोक याच प्रश्नाशी झटत राहिले.

उजेडाची बाजू हळूहळू सुटत गेली. मेणबत्ती जाऊन स्पिरिट आणि टर्पेंटाइनचा दिवा आला, मग मॅक्सिमिलियन निट्झेनं १८७० च्या दशकात मूत्राशय पाहण्याच्या नळीच्या टोकाशीच विजेनं तापलेली प्लॅटिनमची तार बसवली आणि ती थंड ठेवायला पाण्याचा प्रवाह खेळवला. वळणाची बाजू मात्र सुटेना. जर्मनीत कुसमाउल या डॉक्टरांनी १८६८ साली जठर पाहण्यासाठी सरळ, ताठ नळी वापरली, तेव्हा त्यांना तलवार गिळणारा कसरतपटू गाठावा लागला. एवढी मान मागे टाकून घसा सरळ करणं सामान्य रोग्याला जमणारं नव्हतं.

याच ताठ नळीतून घराण्याची एक शाखा कारखान्यात गेली. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉर्ज क्रॅम्पटन यांनी १९२१ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीसाठी वाफेच्या टर्बाइनचा रोटर आतून तपासणारी नळी तयार केली. रोटरच्या भोकात तडा आहे का, हे तो न कापता पाहायचं होतं. रोग्याऐवजी यंत्र आलं, गरज तीच राहिली. पुढे बंदुकांच्या नळ्या आणि विमानांची इंजिनं अशीच तपासली जाऊ लागली.

वळणाचं कोडं सोडवण्यात आपल्या माणसाचा मोठा वाटा आहे. नरिंदर सिंग कपानी यांचा जन्म १९२६ चा, पंजाबातल्या मोगा इथला. प्रकाश सरळ रेषेतच जातो असं डेहराडूनच्या शाळेत मास्तरांनी सांगितलं आणि आपल्याला ते पटलं नाही, ही आठवण ते पुढे आवर्जून सांगत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी बांधली. तंतूत शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत वळणासकट पुढे जातो. प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहून नेतो. जुडीच्या एका टोकाला तंतू ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं दुसऱ्या टोकालाही हवेत, नाही तर चित्राचा चुरा होतो. असे हजारो तंतू क्रमानं लावायचे, हे केवढं चिकाटीचं काम! २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये त्यांचा लेख आला. त्याच अंकात हॉलंडच्या व्हान हील यांनी तंतूवर आवरण चढवण्याची कल्पना मांडली. उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश गळतो, त्यावर तो उतारा होता. काचेवरच काचेचं आवरण चढवण्याची युक्ती १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस या विद्यार्थ्यानं साधली, आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये डॉक्टर बेसिल हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची जठर पाहणारी लवचीक नळी आधी स्वतः गिळून पाहिली.

कपानींचं नाव आपण इंटरनेटच्या संदर्भात घेतो. वळणाच्या नळीत पाहण्याचं त्यांचं काम त्याच्या आधीचं आहे, आणि माझ्या मते तितकंच मोलाचं आहे. तंतूंतून संदेश दूरवर नेण्याच्या कामासाठी २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल चार्ल्स काओ यांना मिळालं, कपानींना नाही. त्या पारितोषिकाचा उरलेला अर्धा भाग विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांच्याकडे गेला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यांनी सीसीडी शोधला होता. प्रकाशाचं थेट विजेच्या संकेतात रूपांतर करणारी ही चकती आल्यावर चित्र वाहणाऱ्या काचतंतूंची गरजच कमी झाली. कॅमेरा नळीच्या टोकालाच बसवा, मागे साधी वायर पुरे.

शहरांच्या मलवाहिन्यांत कॅमेरे याआधीच उतरले होते. चाकांच्या गाड्यावर बसवलेले, एका मॅनहोलातून दुसऱ्यापर्यंत ओढले जाणारे, सोबत यंत्रांनी भरलेली व्हॅन. घरच्या चार इंची पाइपात ते जाणं शक्य नव्हतं आणि ते परवडणारेही नव्हते. किंमत पडली ती दोन शोधांमुळे. अंतराळयानांसाठी छोटे, कमी वीज खाणारे कॅमेरे हवेत म्हणून नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांनी १९९० च्या दशकात सीमॉस संवेदक विकसित केला. त्याच दशकात जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी साधला आणि त्यातून पांढरा एलईडी आला. मोबाइलमध्ये कॅमेरा आला तसे हे दोन्ही भाग प्रचंड संख्येनं बनू लागले आणि कवडीमोल झाले. पडदा तर आपल्या खिशातच होता.

आता आपल्या मोरीत येऊ. नहाणी ट्रॅपची जाळी काढून कॅमेरा सोडला की तो पहिल्याच वाकात, साचलेल्या पाण्यात अडखळतो. दुर्गंध अडवणारं ते पाणी तिथे असायलाच हवं, त्याला चोकअप समजू नये. म्हणून आत शिरायची जागा शोधावी: पाइपाचं साफसफाईचं झाकण, सिंकखालचा ट्रॅप सोडवून मोकळं झालेलं तोंड, किंवा बाहेरचा चेंबर. वायरीवर दर फुटाला चिकटपट्टी लावली की कॅमेरा किती आत गेला ते कळतं, आणि तेवढंच अंतर वर फरशीवर मोजता येतं. स्वस्त कॅमेऱ्याला वर-खाली कळत नाही, चित्र गरगर फिरतं. तेव्हा पाण्याची धार शोधावी. धार आहे तो पाइपाचा तळ. एलईडी पूर्ण लावले तर पांढऱ्या पीव्हीसीवर नुसती चमक दिसते, उजेड थोडा कमी करावा.

मग एकेक गोष्ट ओळखू येते. स्वयंपाकघराच्या पाइपात तेलाचा गोठलेला पांढरट थर. मोरीत केस आणि साबणाचा गोळा. जुन्या बिडाच्या पाइपात गंजाचे फुगवटे. चिनीमातीच्या पाइपाच्या सांध्यातून शिरलेली पिंपळाची तांबूस, तंतुमय मुळं. नव्या इमारतीत पुष्कळदा गवंड्यानं सोडलेलं सिमेंट. कॅमेरा अचानक पाण्याखाली जाऊन पुन्हा वर आला तर तिथे पाइप खचून उतार गेलेला असतो. तो भाग कितीही वेळा स्प्रिंग मारली तरी पुन्हा तुंबणारच.

मर्यादाही मोठ्या आहेत. दोन-तीन एल्बोंनंतर वायर पुढे सरकत नाही, आणि जोर लावला तर आतच अडकते. अ‍ॅसिड ओतलेल्या पाइपात कॅमेरा घालूच नये. सोसायट्यांमध्ये वरच्या आणि खालच्या मजल्याचं गळतीवरून भांडण पेटतं, तिथेही हा सगळ्यांचा निवाडा करू शकत नाही. पाइपातली चीर दिसेल, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर ते यात दिसणार नाही.

आणि घराबाहेरचा चेंबर तुंबला तर? माणसाला संरक्षणाशिवाय गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी घातली. गटारात जीव गेलेल्यांच्या कुटुंबांना ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये बजावलं. तरीही आत काय अडकलंय ते पाहायला माणूस उतरवला जातो, आणि तिथला विषारी वायू त्याला मारतो. हजार-दोन हजारांचा कॅमेरा खोल गटाराला पुरणार नाही, तिथे यंत्रंच हवीत. पण आपल्या आवारापुरतं तरी आपण ठरवू शकतो. फरशी फोडण्याआधी प्लंबरकडे कॅमेऱ्याचं चित्रीकरण मागा, अडथळ्याचं अंतर लिहून घ्या. आणि चेंबरचं झाकण उघडल्यावर कुणी आत उतरायला निघालं, तर त्याला उतरू देऊ नका.