खोताचा वाडा कुणाच्या भातावर उभा होता? रायगड किनाऱ्यावरची खोती, चरीचा संप आणि आजचा सातबारा

अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांत जुन्या गावात गेलं की एखादं तरी मोठं घर दिसतं. उंच दगडी जोतं, जांभ्याच्या भिंती, सागवानी खांब, पुढे लांबलचक ओटी आणि मागे नारळी-पोफळीची वाडी. घरात आज कुणी राहत असो वा नसो, गाव त्याला 'खोताचा वाडा'च म्हणतं. काही वाडे नीट राखलेले आहेत, काहींचं नुसतं जोतं उरलंय.

हे वाडे कसे उभे राहिले, कसे ओस पडले आणि त्या सगळ्याचा आपल्या सातबाऱ्याशी काय संबंध, ते इथे थोडक्यात दिलं आहे.

खोत म्हणजे नेमका कोण?

खोत हा मुळात जमिनीचा मालक नव्हता. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, हे त्याचं काम. हे वतन पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्यात चालायचं. सरकारला ठरलेली रक्कम दिली की कुळांकडून त्याहून जास्त जे येईल ते खोताचं. त्यालाच 'खोती फायदा' म्हणत.

ही पद्धत मुख्यतः रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यात होती. कुलाबा म्हणजेच आजचा रायगड. हे नाव १ जानेवारी १९८१ पासून आलं. खोतांमध्ये ब्राह्मण होते, कायस्थ प्रभू होते, मराठे होते, मुसलमानही होते. कसणारी कुळं मात्र बहुतेक आगरी, कुणबी, महार अशा समाजांतली.

इंग्रजांच्या काळात १८८० चा खोती कायदा आला. खोताचे आणि कुळांचे हक्क कागदावर आले खरे, पण लिहिता-वाचता येणारा बहुतेक वेळा एकटा खोतच. वर्षानुवर्षं खोत 'मालक' म्हणून वावरला आणि कूळ आपल्याच बापजाद्यांनी कसलेल्या शेतात परकं झालं.

वाड्यात धान्य यायचं कुठून?

किनाऱ्यावरचं मुख्य पीक भात. भातशेतीत खोताचा वाटा साधारण निम्मा असायचा, त्याला 'अर्धेल' म्हणत. वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा, म्हणजे 'तिर्धेल'. काही ठिकाणी वाट्याऐवजी ठरावीक खंड असायचा. पीक बुडालं तरी तो खंड चुकत नसे.

वरून वेठ वेगळी. नांगरटीला, लावणीला, घर शाकारायला कुळाने फुकट दिवस द्यायचे. अडीअडचणीला खोताकडूनच धान्य उसनं घ्यायचं आणि सुगीला ते वाढीदिढीने फेडायचं. खळ्यावर झोडणी झाली की आधी वाटा मोजला जाई, मग कर्ज वळतं होई. उरेल ते कुळाच्या कणगीत.

खोताच्या घराची बांधणीही याच व्यवहाराला धरून. पुढची ओटी म्हणजे गावाची कचेरीच. तिथे झोपाळ्यावर बसून खोत हिशेब करी, कूळ अंगणात उभं राही. आत माजघर, देवघर, वर माळा आणि भात साठवायच्या जागा. माळे भरले ते गावभरच्या शेतांतल्या भाताने.

आंग्रे आणि नवाब यांची गोष्ट वेगळी

जिल्ह्यातले सगळेच मोठे वाडे खोतांचे नाहीत. अलिबागचा आंग्रे वाडा हा दर्यासारंग कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचा. हे राज्य १८४० च्या सुमारास इंग्रजांनी खालसा केलं.

मुरूडचा राजवाडा जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. त्यामुळे तिथल्या जुन्या जमीन नोंदी शोधताना संस्थानी काळाचे कागदही पाहावे लागतात.

ही राजघराणी होती. खोत मात्र गावातच राहणारा, रोज समोर दिसणारा. त्यामुळे भांडण पेटलं ते खोताशी.

चरीचा संप : १९३३ ते १९३९

अलिबाग तालुक्यातला खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. हे बांध टिकवायचे कष्ट कुळांचे. एकदा खारं पाणी आत शिरलं की शेत काही वर्षं नापीक व्हायचं. तरीही वाटा कमी होत नसे, आणि कुळाकडून लिहून घेतलेल्या कबुलायतीमुळे कायमचा हक्क सांगायची सोय नव्हती.

शेतकरी पुढारी नारायण नागू पाटील यांनी या कुळांना एकत्र केलं. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावात सभा झाली आणि संप जाहीर झाला. खोताची जमीन कसायचीच नाही, असं ठरलं. चरीसह आसपासची २५ गावं त्यात उतरली.

असाच मार्ग आयर्लंडच्या कुळांनी १८८० मध्ये धरला होता. तिथल्या बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला सगळ्यांनी वाळीत टाकलं आणि 'बॉयकॉट' हा शब्द जगभर गेला. चरीत तर शेतच पडीक ठेवलं. त्यात खोताचं उत्पन्न थांबलं, तशी कुळाची चूलही थांबली. लोकांनी लाकूडफाटा विकला, खाडीतली मासळी धरली, मिळेल ती मजुरी केली. असं सहा वर्षं चाललं. देशातला सर्वांत दीर्घ शेतकरी संप म्हणून तो ओळखला जातो.

डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोतांना भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला हक्क मिळावा, असं त्यात होतं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. पण १९३९ च्या कूळ कायद्यात सलग सहा वर्षं जमीन कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून मान्यता मिळाली.

कायद्याने काय बदललं?

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे कायदे आले. १९४८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा. दुसऱ्याने खोती वतन संपवलं. पहिल्या कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचं खरेदीदार मानलं गेलं.

जमीन फुकट नव्हती. शेतजमीन न्यायाधिकरण किंमत ठरवी. साध्या कुळासाठी ती आकाराच्या २० ते २०० पट असे आणि हप्त्याने भरता येई. पैसे पूर्ण भरले की कलम ३२-म चं प्रमाणपत्र मिळे.

इथेच अनेक घरं फसली. नोटीस आली तेव्हा कूळ हजर राहिलं नाही, किंवा खोताच्या भिडेपोटी 'मला घ्यायची नाही' म्हणून अंगठा देऊन आलं, तर खरेदी निष्फळ ठरायची. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर खरेदीची तारीख पुढे जाई, आणि मुदतीत कळवायचं राहून जाई. एकाच गावात एका भावकीला जमीन मिळाली आणि दुसरीला नाही, त्याचं कारण बहुतेकदा या जुन्या प्रकरणांत सापडतं.

वाडे का ओस पडले?

वाटा बंद झाला, तसा वाड्याचा आधार गेला. कौलारू घर म्हणजे दरवर्षी पावसाआधी कौलं चाळणं, वासे बदलणं, वाळवी बघणं. आधी हे वेठीने व्हायचं, आता मजुरी देऊन करायची वेळ आली. पुढची पिढी शिकून मुंबई-पुण्याला गेली. वाड्याचे वारस पाचाचे पन्नास झाले. एकाने दुरुस्ती काढली की दुसऱ्याची सही मिळत नाही. घराभोवतीच्या वाड्या स्वतःच्या कसणुकीत होत्या, त्या बऱ्याच ठिकाणी खोत घराण्यांकडेच राहिल्या. काही कुटुंबं आजही त्यावरच घर सांभाळून आहेत.

दुसरीकडे मांडवा, किहीम, आवास, नागाव पट्ट्यात नवे बंगले उठले. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. जमिनीला भाव आला आणि जुने कागद पुन्हा बाहेर निघाले.

विकण्याआधी हे पाहा

- सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकाना वाचा. कुळाचं नाव, कलम ४३ ची अट असे शेरे तिथे असतात.
- फक्त आजचा उतारा पुरेसा नाही. १९५७ च्या आगेमागेचे फेरफार तलाठी किंवा तहसील कार्यालयातून नकला काढून पाहा.
- ३२-म चं प्रमाणपत्र घरात आहे का शोधा. त्याला १० वर्षं झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या ४० पट रक्कम भरून ती जमीन विकता येते. वेगळी परवानगी लागत नाही.
- जमीन कसता पण नाव नाही, अशा वेळी आपण कूळ आहोत की नाही हे कलम ७०-ब खाली तहसीलदार ठरवतात.
- शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. घेणाऱ्याचा शेतकरी असल्याचा दाखला आधी मागा.
- २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे. बहिणींकडून हक्कसोड घेताना त्यांना किंमत आणि कागद दोन्ही नीट समजावून सांगा.
- गावठाणातल्या वाड्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

चरीच्या कुळांनी सहा वर्षं पोटाला चिमटा काढला तो सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लागावं म्हणून. खोताने ओटीवर बसून लिहिलेला कागद त्यांच्या आजोबांना वाचता येत नव्हता. आज तोच उतारा मोबाईलवर निघतो. दलालाने आणलेल्या साठेकरारावर सही करण्याआधी तो एकदा घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्यावा. न समजलेली ओळ तशीच सोडू नये, तहसील कार्यालयात किंवा जाणत्या वकिलाला विचारावी.